‘किरकोळ’ धडकांची किंमत कोण मोजतो?

२७ मार्च २०२४ रोजी कोलकात्याच्या विमानतळावर एक घटना घडली. चेन्नईला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळेपर्यंत थांबून उभे होते. दरभंग्याला निघालेले इंडिगोचे विमान त्याच्या जवळून जाऊ लागले आणि त्याचा पंख उभ्या विमानाच्या पंखाला लागला. एका विमानाच्या पंखाचे टोक तुटून जमिनीवर पडले, दुसऱ्याच्या पंखाला पोचा आला. दोन्ही विमानांत मिळून तीनशेच्या आसपास प्रवासी होते; सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशीचा आदेश दिला, इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना कामापासून दूर ठेवण्यात आले, आणि ‘किरकोळ धडक’ या दोन शब्दांत लोकांच्या दृष्टीने हे प्रकरण मिटले.

तारखेचा योगायोग मात्र विसरण्यासारखा नाही. बरोबर ४७ वर्षांपूर्वी, २७ मार्च १९७७ रोजी, स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतके बळी अन्यत्र कोठेही गेलेले नाहीत, आणि ही टक्कर आकाशात झाली नाही, जमिनीवर झाली. कोलकात्यातील खरचटणे आणि टेनेरिफमधील संहार यांची तुलना करणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेली परिस्थिती तपासली, तर त्यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही असे दिसून येते.

कोलकात्याची घटना एकाकी नाही. ११ एप्रिल २०११ च्या रात्री न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या अजस्र ए-३८० विमानाच्या पंखाचे टोक कॉमएअरच्या एका छोट्या विमानाच्या शेपटीला लागले आणि ते विमान प्रवाशांसह जागच्या जागी गर्रकन फिरले. १६ जानेवारी २०२४ रोजी जपानमध्ये साप्पोरोनजीकच्या विमानतळावर बर्फ पडत असताना कोरियन एअरच्या विमानाचा पंख कॅथे पॅसिफिकच्या विमानाला लागला. त्याच वर्षी ६ एप्रिलला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ओढून नेले जात असलेले रिकामे विमान उभ्या विमानाला घासले. १० सप्टेंबरला अटलांटा येथे डेल्टाच्या ए-३५० विमानाच्या पंखाने एका लहान विमानाची शेपटीच मोडून पाडली. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी सिअ‍ॅटलमध्ये जपान एअरलाइन्सच्या विमानाचा पंख उभ्या विमानाच्या शेपटीत घुसला. अमेरिका, इंग्लंड, जपान हे देश विमान वाहतुकीच्या शिस्तीत मागासलेले आहेत असे कोणी म्हणणार नाही. तेथेही हे घडते, तेव्हा एकेका वैमानिकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून भागत नाही. कारण अधिक खोलवर शोधले पाहिजे.

पंख वाढले, जागा तेवढीच

जमिनीवर चालणाऱ्या विमानाचे सारथ्य किती अवघड असते, याची कल्पना प्रवाशाला सहसा नसते. मोटारीच्या चालकाला आपल्या गाडीचे चारही कोपरे आरशातून किंवा अंदाजाने कळतात. मोठ्या प्रवासी विमानाचा पंख मात्र मागच्या बाजूला झुकलेला असतो आणि वैमानिक अगदी नाकाशी बसलेला असतो. अनेक मोठ्या विमानांत त्याला आपल्या पंखाचे टोक बसल्या जागेवरून दिसतच नाही. शिवाय विमान वळते तेव्हा मागे झुकलेल्या पंखाचे टोक नेहमीच्या रुंदीच्याही बाहेरून फिरते. त्यामुळे वैमानिकाला जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेवर भिस्त ठेवावी लागते. रेषेवरून गेलो तर दोन्ही बाजूंना पुरेशी जागा आहे, हे त्याने गृहीत धरायचे असते. परंतु ते गृहीतक शेजारचे विमानही आपल्या जागी नीट उभे असेल तरच खरे ठरते. अटलांटा येथील लहान विमान थांबण्याच्या रेषेपासून काहीसे मागे उभे होते; तेवढ्यानेच मागून जाणाऱ्या मोठ्या विमानाची वाट अरुंद झाली.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळांची आखणी विमानाच्या पंखांच्या रुंदीप्रमाणे वर्गवार केलेली असते. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी ए-३२० आणि बोइंग ७३७ ही विमाने ज्या वर्गात मोडतात, त्याची कमाल मर्यादा ३६ मीटर आहे. इंडियन एअरलाइन्स १९७० च्या दशकात जी बोइंग ७३७ विमाने उडवीत असे, त्यांच्या पंखांची रुंदी २८ मीटरांच्या आसपास होती. आज त्याच नावाच्या विमानाची रुंदी, इंधन वाचविण्यासाठी टोकाला बसविलेल्या वर वळलेल्या पाकळीसह, ३५.८ मीटर आहे. म्हणजे मर्यादेला जवळजवळ चिकटून! आकाशात वाचणाऱ्या इंधनाचा काही भाग आपण जमिनीवरील मोकळ्या जागेच्या रूपाने फेडीत आहोत, असा याचा अर्थ. बोइंग कंपनीने तर आपल्या ७७७-एक्स या विमानाच्या पंखांची टोके जमिनीवर दुमडता येतील अशी रचना केली. पूर्ण पसरलेले सुमारे ७२ मीटरचे पंख दुमडल्यावर ६५ मीटरांच्या आत बसावेत आणि आजवरच्याच जागा वापरता याव्यात, हा त्यामागचा हेतू. विमानतळावरची जागा किती मोलाची झाली आहे हे यावरून कळते.

अपघात कशास म्हणावे?

आता एका शब्दाकडे वळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत ‘अपघात’ या शब्दाची काटेकोर व्याख्या आहे. कोणी मृत वा गंभीर जखमी झाले, विमान बेपत्ता झाले, किंवा विमानाच्या रचनेलाच धक्का बसून मोठ्या दुरुस्तीची गरज पडली, तर तो अपघात. परंतु नुकसान जर पंखांची टोके, अँटेना, टायर, चाके, बाहेरची आवरणे एवढ्यापुरतेच असेल, तर ते या व्याख्येतून वगळलेले आहे. तांत्रिक दृष्टीने ही व्याख्या समर्थनीय आहे, कारण अन्वेषकांचे बळ मर्यादित असते व ते गंभीर प्रसंगांसाठी राखून ठेवावे लागते. तथापि तिचा एक परिणाम असा होतो की पंखाला पंख घासण्याच्या पुष्कळशा घटना अपघातांच्या गणतीत येतच नाहीत. त्या निरनिराळ्या दप्तरांत निरनिराळ्या नावांनी नोंदल्या जातात, काही नोंदल्याही जात नाहीत.

ज्याची गणती होत नाही त्याचा हिशेब होत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हे अर्थशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने या शतकाच्या आरंभी असा अंदाज वर्तविला होता की जगभरात विमाने उभी करण्याच्या आवारात दर वर्षी सुमारे २७,००० लहानमोठे अपघात होतात, म्हणजे दर हजार उड्डाणांमागे एक. त्यांत सुमारे २,४३,००० माणसे जखमी होतात आणि एकूण खर्च किमान १० अब्ज डॉलरच्या घरात जातो. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयटाने, २०२२ साली विमानांच्या जमिनीवरील नुकसानीचा वार्षिक खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर धरला आणि उपाय न योजल्यास तो २०३५ पर्यंत दुप्पट होईल असा इशारा दिला. दोन्ही अंदाज एकाच पट्टीने मोजलेले नाहीत. यांत विमानांच्या परस्पर धडकांपेक्षा शिड्या, पट्टे, सामानाच्या गाड्या यांच्या धडकाच संख्येने अधिक आहेत. तरीही ज्या गोष्टीला आपण किरकोळ म्हणतो ती अब्जावधींची आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

भुर्दंड कोणावर?

हा खर्च शेवटी कोण सोसतो, हा खरा प्रश्न आहे. विमा आहे, असे उत्तर मिळेल. परंतु विम्याच्या करारात एका ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान विमाधारकानेच सोसायचे असते, आणि लहान धडकांचा खर्च बहुधा त्या रकमेच्या आतच राहतो. जमिनीवरची सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांशी जे करार होतात, त्यांच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्या कंपन्यांची विमानाच्या नुकसानीची जबाबदारीही अशाच मर्यादेत बांधलेली असते. पत्रा बदलण्याचा खर्च हा तर या नुकसानीचा लहानसा भाग. मोडलेले विमान दिवसेंदिवस उभे राहते, त्याने करावयाच्या पुढच्या फेऱ्या रद्द होतात किंवा लांबतात. मुलाखतीला निघालेला तरुण, आजारी आईकडे निघालेली मुलगी, सुटी संपवून कामावर परतणारा कारकून यांना फराळाचे कूपन आणि दिलगिरीचे दोन शब्द मिळतात. फार तर दुसऱ्या विमानात जागा किंवा तिकिटाचे पैसे. त्यांच्या बुडालेल्या दिवसाची किंमत कोणत्याही ताळेबंदात चढत नाही. ज्याने वेळ वाचविला त्याच्याकडे नफा जातो आणि तोटा मात्र त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्यांच्या माथी येतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, त्याचे हे अगदी स्वच्छ उदाहरण आहे.

वेळ वाचविण्याचे हे दडपण मोठे आहे. विमान जमिनीवर असेपर्यंत पैसे मिळवीत नाही, म्हणून स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्या उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा अवधी अर्ध्या तासावर आणू पाहतात. त्या अर्ध्या तासात प्रवासी उतरतात व चढतात, सामान उतरते व चढते, इंधन भरले जाते, सफाई होते. ही कामे करणारे मजूर पुष्कळदा कंत्राटी असतात, ऊन-पावसात राबतात, आणि कामाला रुळतात न रुळतात तोच दुसरीकडे निघून जातात. एस.टी.च्या स्थानकात गाडी मागे घ्यायची असली की वाहक खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि शिटी वाजवून चालकाला वाट दाखवितो. चालकाला मागचे दिसत नाही हे मान्य करूनच ही पद्धत रुळली आहे. विमान मागे ढकलतानाही पंखांच्या टोकांशी माणसे चालवावीत असा संकेत आहे. परंतु माणूस म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे खर्च. जेथे गर्दी अधिक तेथे हा खर्च वाचविण्याचा मोहही अधिक. या आवारातील धोका केवळ पत्र्याला नसतो, हे मुंबईने डिसेंबर २०१५ मध्ये पाहिले आहे. विमान निघण्याच्या तयारीत असताना एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन तेथल्या तेथे मृत्यू पावला.

विमानतळाचे गायरान

महाराष्ट्रापुरते पाहू. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होऊ शकतो. सभोवार वस्ती इतकी दाट की विस्ताराला वाव नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेथील ताशी उड्डाणे-अवतरणे गर्दीच्या वेळी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्याचा आदेश दिला. विमाने शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालीत राहतात, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १ लाख ८० हजार रुपयांचे इंधन जळते, असा सरकारचाच हिशेब होता. तासाला दोन विमाने कमी करण्यासाठी सरकारला आदेश काढावा लागला, यातच रोगाचे निदान आहे. पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या आवारात आहे. तेथे मे २०२४ मध्ये दिल्लीला निघालेले सुमारे १८० प्रवाशांचे विमान धावपट्टीकडे जाताना एका ट्रॅक्टरवर आदळले.

गावच्या गायरानाची गोष्ट आपल्याला परिचित आहे. प्रत्येकाने एकेक जनावर वाढविले की प्रत्येकाचा फायदा होतो, आणि काही वर्षांनी कोणाच्याच जनावराला चारा उरत नाही. विमानतळाचे आवार हे असेच सामायिक कुरण आहे. आणखी एका फेरीचे भाडे कंपनीच्या खिशात जाते; त्या फेरीने वाढलेली गर्दी, खोळंबा आणि धोका सर्वांत वाटला जातो. विमानतळाचे शुल्क मुख्यतः विमानाच्या वजनावर आकारले जाते. गर्दीच्या तासात एखाद्या फेरीने इतरांचा किती खोळंबा केला, याचे मोल त्यात जवळजवळ नसते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु कुरण वाढविले आणि चराईचे नियम बदलले नाहीत, तर नवे कुरणही यथावकाश जुन्याच्या वाटेने जाते.

या युक्तिवादावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. काही दशकांपूर्वी विमानप्रवास श्रीमंतांची आणि सरकारी अधिकाऱ्यांची मिरास होती. आज शिक्षक, कारकून, विद्यार्थी विमानात बसतात ते स्वस्त भाड्यामुळे, आणि स्वस्त भाडे येते ते विमाने जलद फिरविल्यामुळे. मग चार ओरखड्यांसाठी ही सोय महाग करावी काय? शून्य धोका हे ध्येय अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही अव्यवहार्य आहे, कारण शेवटचा ओरखडा टाळण्याचा खर्च त्या ओरखड्याहून मोठा होतो. हे मान्य. परंतु किती धोका पत्करावा हे ठरविण्याचा हक्क ज्यांच्या वाट्याला तो धोका येतो त्यांना असला पाहिजे, आणि त्यासाठी आधी त्याचे मोजमाप त्यांच्यापुढे मांडले गेले पाहिजे. आज तसे घडत नाही.

लपविलेला ओरखडा

मोजमापाच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिक्षेची भीती. डिसेंबर २००५ मध्ये सिअ‍ॅटल येथे सामानाच्या आवारातील एक वाहन अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला घासले. संबंधित कामगाराने ते तत्काळ कळविले नाही. विमान उडाले आणि सुमारे २६,००० फुटांवर असताना त्या ओरखड्याच्या जागी फूटभर लांबीचे छिद्र पडून आतील हवेचा दाब गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणले म्हणून ही हकिकत आज शांतपणे सांगता येते. हल्लीची काही विमाने धातूऐवजी कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याची बनविलेली असतात. त्यांच्यावर बसलेला धक्का बाहेरून नगण्य दिसला तरी आतले थर सुटलेले असू शकतात. अशा वेळी ‘माझ्याकडून धक्का लागला’ हे कामगाराचे एक वाक्य शेकडो प्राणांच्या मोलाचे ठरते. ते वाक्य उच्चारताच नोकरी जाणार असेल, तर ते उच्चारले जाण्याची शक्यता किती? चौकशी पुरी होण्याआधी वैमानिकाला कामापासून दूर ठेवणे सावधगिरी म्हणून क्षम्य असेल. पण तेवढ्यावरच प्रकरण मिटते, तेव्हा आवारात काम करणारा प्रत्येक जण त्यातून गप्प राहण्याचा धडा घेतो.

करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. पहिली, जमिनीवरील प्रत्येक धडकेची विमानतळवार नोंद महासंचालनालयाने दर वर्षी प्रसिद्ध करावी. अपघाताच्या व्याख्येत ती बसते की नाही हा प्रश्न त्याआड येऊ नये. दुसरी, स्वतःहून कळविणाऱ्याला अभय आणि लपविणाऱ्याला शिक्षा, असा स्पष्ट नियम असावा. तिसरी, ताशी किती विमाने सोडावयाची हे ठरविताना धावपट्टीबरोबरच उभे राहण्याच्या आवाराचीही क्षमता मोजली जावी, आणि गर्दीच्या तासाचे शुल्क गर्दीच्या प्रमाणात असावे. त्यातून मिळणारा पैसा पंखाशी चालणाऱ्या माणसांच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हावा. चौथी, मोठ्या विमानांवर पंखाचे टोक दाखविणारे कॅमेरे किंवा तत्सम साधन बसवावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ सालीच तशी शिफारस केली आहे. याने तिकिटामागे काही रुपये वाढतील. आजही प्रवासी ते देतच असतो. फक्त ते खोळंब्याच्या आणि धोक्याच्या रूपाने, पावती न घेता देतो.

शेवटी पुन्हा टेनेरिफकडे. त्या दिवशी शेजारच्या बेटावरील विमानतळ बॉम्बस्फोटामुळे बंद पडला आणि तेथे जाणारी विमाने लॉस रोडिओस या लहानशा विमानतळावर येऊन दाटली. जागा पुरेना म्हणून काही विमाने चालण्याच्या वाटेवरच उभी करावी लागली. पुढे मार्ग खुला झाला तेव्हा पॅन अ‍ॅमचे विमान निघण्यास सिद्ध होते. परंतु समोर केएलएमचे विमान इंधन भरीत उभे होते आणि त्याच्या बाजूने निघून जाण्यास सुरक्षित अंतर उरत नव्हते. पॅन अ‍ॅमच्या कर्मचाऱ्यांनी खाली उतरून ते अंतर पाहिले आणि ते थांबून राहिले. दरम्यान धुके उतरले. केएलएमच्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपत आल्याचे दडपणही होतेच. त्यानंतर काय झाले ते जगाला ठाऊक आहे. त्या दिवशी पॅन अ‍ॅमच्या माणसांनी आपल्या पंखासाठी जागा आहे की नाही हे खाली उतरून पाहिले. तो पंख घासला नाही, म्हणून त्या अपुऱ्या अंतराची किरकोळ घटना म्हणूनही कोठे नोंद झाली नसती. कोलकात्याला पंख प्रत्यक्ष घासला. निदान त्याची नोंद तरी सर्वांना वाचता येईल अशा वहीत व्हावी.